शिंपल्याच्या जागी तेलाची कॅन

गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही की आमच्याकडे उन्हाळा लागला असं समजायचं. कॅलेंडर काय म्हणतं, कूलर कधी उतरवले, रसवंतीवाल्यानं चरकाला घुंगरू कधी बांधले, ह्या सगळ्या मागाहूनच्या गोष्टी. आज सकाळी दोरीवरचा टॉवेल काढायला वर गेलो, तर जिन्याच्या तोंडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्यांवर कुरडया. शेजारच्या गच्चीवर बटाट्याचा कीस, त्याच्या पलीकडे मुंगवड्या. शिजवलेल्या गव्हाच्या चिकाचा आंबूस वास अख्ख्या कॉलनीत भरलेला. तेवढ्यात खालून सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आलाच की तुडवू नका म्हणून. मी टॉवेल न काढताच खाली आलो.

हा वास नाकात शिरला की मला एकच उन्हाळा आठवतो. तसे उन्हाळे पुष्कळ पाहिले. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला उन्हाळ्याचं कौतुक नसतं आणि तक्रारही नसते. अमरावतीत मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि त्याचं कोणाला नवल वाटत नाही. पण त्या एका उन्हाळ्यात ऊन माझ्या बोटांना लागत नव्हतं. तापलेल्या फाटकाची कडी उघडताना तळहाताला चटका बसायचा, बोटांना नाही. चहाचा पेला हातातून कधी सुटला ते जमिनीवर आवाज झाल्यावर कळायचं. शर्टाची बटणं लावताना मी आरशात बघायचो, कारण बोटांत बटण आहे की नाही हे बोटं सांगत नव्हती.

मला कॅन्सर झाला होता. आमच्याकडे हा शब्द कोणी सरळ उच्चारत नाही. ‘त्यायले ते झालं होतं’ म्हणतात, आवाज खाली घेऊन, जणू नाव ऐकून ते परत येईल. घर अमरावतीत, शाळा अमरावतीत, पण औषध अकोल्याच्या दवाखान्यात. म्हणून त्याआधीचा सगळा हिवाळा आम्ही दोघांनी एसटीनं ये-जा केली आणि मधले दिवस दवाखान्यामागच्या एका भाड्याच्या खोलीत काढले. मी पडून असायचो. सुनंदा खोलीत स्वयंपाक करायची, डबा घेऊन वॉर्डात यायची, परत जायची. औषधानं रोग गेला आणि जाताना बोटांच्या टोकांची जाणीव सोबत घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, होतं असं कधीकधी, हळूहळू येईल परत, किंवा नाहीही येणार. चांगला माणूस होता. हे सांगताना तो कागदांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होता.

बोटांचं एक वेळ ठीक होतं. त्या दिवसांत मला आतूनही काही वाटत नव्हतं. शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला त्या दिवशी घरात शिरा झाला. सुनंदाचे डोळे भरून आले, अंजनगाव सुर्जीहून सासूबाई फोनवर रडल्या. मी शिरा खाल्ला. गोड होता, एवढं कळलं. आनंद व्हायला हवा हेही कळत होतं. वर्गात एखाद्या पोराला ‘उभा राहा’ म्हणावं आणि त्यानं ढिम्म बसून राहावं, तसं आत कोणी उठतच नव्हतं.

भेटायला येणाऱ्यांचा मात्र उत्साह दांडगा. शहाळी आणि सल्ले, दोन्ही घेऊन यायचे. कोणी म्हणे गव्हांकुराचा रस घ्या. कोणी म्हणे कोमट पाण्यात हळद. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं फार आपुलकीनं सुचवलं की गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात चार दिवस राहा, सामुदायिक प्रार्थनेला बसा, मन शांत होईल. माझं मन शांतच होतं. तेच तर दुखणं होतं, पण ते त्यांना सांगणार कोण. मी मान हलवायचो आणि सुनंदा चहा टाकायची.

मी चित्रकलेचा शिक्षक. गिटारी करायचा नाद मला कसा लागला हे आमच्या नातेवाइकांना अजून न सुटलेलं कोडं आहे. झालं एवढंच की शाळेच्या स्नेहसंमेलनात एक गिटार पडली, तिची पाठ उघडली, आणि दुरुस्तीला ती अकोल्याला इस्माईलभाईंकडे न्यायचं काम माझ्यावर आलं. इस्माईलभाई घराच्या पुढच्या खोलीत हार्मोनियम आणि ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी दुरुस्त करतात. त्यांनी ती पूर्ण उघडून समोर ठेवली. आतल्या पट्ट्या, सांधे, गोंदाचे सुकलेले ओघळ, सगळं दिसलं, आणि बाहेरच्या चकाकीपेक्षा ते आतलं मला जास्त आवडलं. तेव्हापासून मी त्यांच्याकडे जात राहिलो. दोघं मिळून चुका करत शिकलो. त्यांच्या चुका वेगळ्या, माझ्या वेगळ्या, त्यामुळे कंटाळा आला नाही. मी दवाखान्यात होतो तेव्हा ते रोज संध्याकाळी खाटेशेजारी येऊन बसायचे आणि आजाराबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. कुठला गोंद लवकर वाळतो, कुठला दगा देतो, एवढंच बोलायचे. त्या हिवाळ्यातलं ऐकण्यासारखं बोलणं तेवढंच होतं.

आजाराच्या आधी एक गिटार अर्धी झाली होती. तिची वरची फळी साधीसुधी नव्हती. कुठल्याशा जुन्या शाळेतला मोडका पियानो इस्माईलभाईंनी भंगारातून उचलला होता. त्याच्या पोटातली पातळ, सरळ रेषांची फळी आम्ही वाटून घेतली होती. बोटानं टिचकी मारली की ती कितीतरी वेळ बोलत राहायची. तसली फळी पुन्हा मिळणार नव्हती. घरी परतल्यावर ती जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवलेली दिसायची आणि मी नजर वळवायचो. शेवटी एक दिवस मी सुनंदाला सांगून टाकलं की ह्या फळीवरची कडी जमली तर जमली, नाही जमली तर हत्यारं इस्माईलभाईंना देऊन टाकू. ती तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण सुपातला हात थांबला.

ही कडी म्हणजे काय ते सांगायला हवं. गिटारच्या वरच्या फळीला गोल भोक असतं, त्याभोवती नक्षीची कडी बसवतात. तिच्यावाचून गिटार वाजत नाही असं नाही, अगदी तशीच वाजते. पण कडी नसलेली गिटार पाहिली की कोणी काम अर्ध्यात टाकून उठून गेल्यासारखं वाटतं. मी करत होतो तिच्यात मधे शिंपल्याचे तुकडे आणि दोन्ही अंगांनी काळ्या-पांढऱ्या लाकडाच्या रेघा, दोऱ्याइतक्या बारीक. फळीत गोल खाच कोरायची, तिच्यात रेघा वाकवून चिकटवायच्या, आणि रेघांच्या मधे शिंपला. शिंपला इस्माईलभाईंनी दिला होता. त्यांच्या थोरल्या भावाचं शिवणकामाचं दुकान होतं, ते बंद झालं तेव्हा खऱ्या शिंपल्याच्या बटणांची एक पुडी उरली होती. त्या बटणांचे मी बारीक चौकोन कापले होते.

बोटं शाबूत होती तेव्हा मी रेघा आणि शिंपला एकदमच बसवायचो. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, हे बोटांना कळायचं. आता तो मार्ग बंद होता. दुसरा मार्ग शहाण्या कारागिरांचा. शिंपल्याच्या जागी आधी भलतंच काहीतरी भरायचं, अगदी तेवढ्याच जाडीचं, पण गोंद ज्याला धरत नाही असं. त्याच्या आधारानं रेघा चिकटवायच्या. गोंद वाळला की ते उपसून काढायचं आणि मोकळ्या खाचेत शिंपला मांडायचा. परदेशात यासाठी एक निसरडी पांढरी पट्टी मिळते, नॉन-स्टिक तव्याच्या लेपाच्या जातीची. ती लांबून मागवावी लागते आणि महाग पडते. औषधपाण्याच्या त्या वर्षी असले लाड परवडणारे नव्हते, म्हणून घरात जे आहे त्यातून पट्टी करायची ठरली.

इस्माईलभाईंनी फोनवर सांगितलं की पतंगाची कामटी मेणात बुडवून घाला. मी घातली. खोली तापलेली, मेण विरघळून लाकडात उतरलं आणि गोंदानं रेघांनाच सोडलं. ते म्हणाले, आपलं चुकलंच सर. मग नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं गठ्ठे बांधायच्या प्लास्टिक पट्टीचं एक वेटोळं आणून दिलं. दिसायला उत्तम. पण त्या पट्टीवर बारीक खरखरीत नक्षी असते, गोंद तिच्यात जाऊन बसला, आणि पट्टी ओढली तशा रेघाही तिच्यासोबत उठून आल्या. ही सगळी उस्तवार साध्या लाकडाच्या तुकड्यांवर चालली होती. तुकडे संपत आले. मी चिडलोही नाही. पूर्वी एखादा सांधा बिघडला की मी घर डोक्यावर घ्यायचो आणि सुनंदा दार लावून घ्यायची. आता ती दार उघडं ठेवून बसायची आणि मी काही बोलतो का ते ऐकायची.

आणि मग वाळवणं सुरू झाली. सुनंदाच्या माहेरी तांदळाचे पापड लाटत नाहीत, यंत्रात दाबतात. पिठाच्या गोळीच्या खाली एक आणि वर एक अशा प्लास्टिकच्या गोल चकत्या ठेवायच्या. दुधाच्या पिशवीच्या चकत्या चुरगळतात, म्हणून अंजनगावकडच्या बायका तेलाच्या पाच लिटरच्या कॅनची सपाट बाजू कापून घेतात. त्या दिवशी मी टाकीच्या सावलीत नुसता बसलो होतो. सुनंदा यंत्र दाबायची, वरची चकती सोलल्यासारखी उचलायची, खालच्या चकतीसकट पापड साडीवर उलटा करायची आणि चकती काढून घ्यायची. पापड खाली, चकती हातात, आणि चकतीवर कणभरही काही नाही. हे मी इतकी वर्षं पाहत आलो होतो. त्या दिवशी पाहता पाहता मी उठून उभा राहिलो.

“एखादी कॅन हाये का अजून?” मी विचारलं.

“काहून? पापड दाबता का?”

“गिटारले पाहिजे.”

वाळवणाच्या दिवसांत सुनंदा हातातलं काम कोणासाठी टाकत नाही. पाहुणे आले तरी ते गच्चीवर येऊन बोलतात. त्या दिवशी ती तशीच उठली, पिठाच्या हातांनी जिना उतरून गेली आणि कॅन घेऊन आली. कॅनमध्ये अजून तेल होतं, ते तिनं पातेल्यात ओतून ठेवलं होतं. रिकामी होईपर्यंत थांबायलाही ती तयार नव्हती. तिची घाई तेव्हा माझ्या लक्षात आली, पण त्या घाईचं मला काही वाटलं नाही. मी कॅन उन्हात धरून तिची जाडी बघत बसलो.

कॅनच्या पट्ट्या कापल्या. एक पट्टी पातळ पडायची, दोन पाठीला पाठ लावून ठेवल्या की बरोबर शिंपल्याएवढी जाडी व्हायची. गोल वाकवण्यासाठी त्या गरम पाण्यात बुडवून कशाभोवती तरी गुंडाळायला हव्या होत्या. पाणी किती कढत आहे हे माझ्या बोटांना कळणार नाही म्हणून सुनंदानं मला शिवू दिलं नाही. तिनंच त्या चिमट्यानं काढून हळदीच्या डब्याभोवती धरल्या, गार होईपर्यंत. मग म्हणाली, तेलाचं बोट लावा, नाहीतर चिकटते. पापडाच्या चकतीला तेलाचं बोट लावायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं की मीही लावलं. दुसऱ्या दिवशी तुकड्यावर भज्यांच्या कागदासारखा पिवळा डाग पसरलेला आणि रेघा पोहत असलेल्या. सुनंदानं निरखून पाहिलं आणि म्हणाली की तुमचं लाकूड पापडापेक्षा नाजूक हाये बाप्पा. मग पट्ट्या साबणानं धुतल्या, कोरड्या केल्या, आणि शेवटच्या तुकड्यावर त्या स्वच्छ निघाल्या. कपाटावरची फळी खाली आली.

खाच कोरायला कंपासासारखं एक गोल फिरणारं पातं असतं, ते काम बोटांपेक्षा यंत्राचं, ते निभलं. रेघा चिमट्यानं बसवल्या, मधे कॅनच्या पट्ट्या, गोंद, वरून फळकूट आणि त्यावर वजन. दुपार अशी होती की कावळ्यांनीही चोची उघड्या टाकलेल्या. वऱ्हाडातला माणूस उन्हाळ्यात जे जपायचं ते कूलरसमोर ठेवतो, मग तो आजारी माणूस असो, पाहुणा असो की टोपलीतली भाजी. मी स्वतः कूलरसमोर होतोच. माझ्याशेजारी फळी ठेवली, तिचंही ऊन टळावं म्हणून, आणि गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी हलेना. कूलरची ओली हवा रात्रंदिवस खाऊन लाकूड फुगलं होतं, फळीला बाक आला होता आणि खाचेनं पट्टीला दोन्ही अंगांनी आवळलं होतं. मी पकडीनं टोक धरून ओढलं. किती जोर लावतोय हे समजत नव्हतं. टोक तुटलं आणि काळ्या रेघेचा एक कण उपटून आला. मी पकड खाली ठेवली. बराच वेळ फळीकडे पाहत राहिलो, वाईट वाटायची वाट पाहत. काही आलं नाही.

सुनंदा आत आली तेव्हा मी तिला हेच सांगितलं. म्हणालो, फळी गेली बहुतेक, आणि मले काईच वाटून नाई राहिलं. त्या सगळ्या आजारपणात तिला मी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. तिनं फोन घेतला आणि अकोल्याला लावला. इस्माईलभाईंना काय झालं ते सांगितलं, हत्यारांचं मी काय म्हणतोय तेही सांगितलं, आणि फोन माझ्या कानाला लावला.

“सर,” ते म्हणाले, “हत्यारं आनाल तर आना, पन माह्या घरी ठेवाले जागा नाई. तुमीच पाहा कुठं ठेवता ते.”

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. त्यांच्या घरात जागा किती मोकळी आहे हे मला माहीत होतं. सुनंदानं तोवर फळी उचलली होती. सगळं वाळते वरतं, हेबी वाळते, असं पुटपुटत ती जिना चढली. टाकीच्या सावलीत, पापडांच्या रांगेच्या शेवटी, तिनं फळी साडीच्या घडीवर ठेवली आणि वरून दुसरं पातळ पांघरलं. उन्हात ठेवली असती तर तडकली असती, हे तिला सांगावं लागलं नाही. पापडालाही पहिलं ऊन एकदम दाखवत नाहीत. मी तिथंच बसून राहिलो. दुपारभर गरम कोरडा वारा वाहत होता, पापडांच्या कडा वळत होत्या, आणि ऊन उतरायच्या सुमारास फळीचा बाक गेलेला दिसला.

पट्टी सुनंदानंच काढली. मी फक्त सांगत होतो की वर ओढू नको, खाचेच्या अंगानं ओढ, आडवी. वालाच्या शेंगेची शीर निघते तशी ती निघत गेली, आधी एक, मग तिच्या पाठीची दुसरी. रेघा जागच्या जागी राहिल्या. मधली खाच मोकळी, स्वच्छ, तळाशी गोंदाचा एकही थेंब नाही. इथं काहीतरी तात्पर्य काढता येईल, आमच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांनी नक्की काढलं असतं. मला एवढंच सांगायचंय की त्या मोकळ्या खाचेकडे पाहून मला बरं वाटलं. किंचित. खरंच वाटलं की उगाच, हे पाहायला मी तोंड फिरवून पुन्हा एकदा खाचेकडे पाहिलं.

आज ती गिटार आमच्या बैठकीत असते. आल्यागेल्याची नजर आधी त्या कडीवर जाते. शिंपला कुठला, असं विचारतात. तिथं आधी काय होतं हे कोणी विचारत नाही, आणि विचारण्याचं कारणही नाही. त्या पट्ट्या मी फेकल्या नाहीत. अजून चार-दोन गिटारींना त्याच पुरल्या, आणि इस्माईलभाईही आता कॅनच्याच पट्ट्या घालतात. बोटं अर्धीमुर्धी परत आली. अंगठ्याला बरंच कळतं, करंगळीला काहीच नाही. थंडीत मुंग्या येतात. ह्याच्यासोबत जगता येतं. कोणी विचारलं तर मी बरं आहे म्हणतो आणि ते खोटं नसतं.

पण त्या उन्हाळ्यात काम अजून संपलं नव्हतं. शिंपल्याचे चौकोन मी चिमट्यानं एकेक करून मांडले. बटणं जुनी, त्यामुळे कुठं दुधाळ, कुठं हिरवट झाक. ते चिकटले, वाळले, आणि आता ते घासून फळीच्या पातळीत आणायचे होते. सगळ्यात अवघड भाग हाच. इथं डोळ्यांचा उपयोग नाही, शिंपला चमकतो आणि फसवतो. पॉलिश पेपर फिरवायचा, मग बोट फिरवायचं. कड लागली तर अजून घासायचं, नाही लागली तर थांबायचं. एक हात जास्त फिरला की रेघा नाहीशा होतात आणि भोकाजवळची फळी कागदासारखी होते. मी बोट फिरवलं. शिंपला, रेघ, लाकूड, सगळं एकच. सुनंदाला गच्चीवर बोलावलं, तिनं अंगठा फिरवून गुळगुळीत हाये म्हणून सांगितलं. अजून घासून पुन्हा बोलावलं, तेव्हाही गुळगुळीत. ती तिच्या परीनं खरं बोलत होती, पण स्वयंपाकघरातलं गुळगुळीत वेगळं आणि हे वेगळं. मी तिला खाली पाठवलं आणि पॉलिश पेपर हातात घेऊन बसलो. घासायला हात होईना, ठेवून द्यायलाही होईना.

कडीवर शिंपल्याची पांढरी भुकटी बसली होती. ती फुंकायला वाकलो आणि खालचा ओठ एका तुकड्याला लागला. कड लागली. जेवताना घासात केस आला की कसा चटकन कळतो, तशी कळली. मी थबकलो, भुकटी ब्रशनं झाडली आणि ओठ मुद्दाम टेकवला. शिंपला थंड होता, रेघ त्याहून किंचित खाली, मग लाकूड, कोमट. तिन्ही वेगळे. किती दिवसांनी मला एखादी वस्तू लागत होती. मी घासायचो, झाडायचो, वाकायचो, ओठ फिरवायचो. पूर्वी बोटांनी जे केलं तेच, फक्त मान दुखायची. पुढच्या काही दुपारी मी गच्चीवर टाकीच्या सावलीत हेच करत होतो.

कडीचा शेवटचा भाग राहिला होता तेव्हा सुनंदा वाळलेले पापड डब्यात भरायला वर आली. डबा काखेत धरून ती उभी राहिली.

“अवो, काय मुके घेऊन राहिले त्या लाकडाचे?”

मी तिला सांगितलं. बोटांना नाही कळत, पण ओठाला कळतं, केसाएवढी कडसुद्धा कळते. तिचा विश्वास बसला नाही. डबा खाली ठेवून ती माझ्यासमोर बसली, आणि पोराची परीक्षा घ्यावी तसा हात पुढे केला. डोळे मिटा, म्हणाली, आणि माह्या हाताले काय लागलं हाये ते सांगा. मी डोळे मिटले आणि तिच्या मनगटावर ओठ टेकवले. मीठ, मी म्हणालो. ते तर दिसतेच, म्हणाली, अजून सांगा. तांदळाचं पीठ. ती हसली, हात हलला, बांगड्या कोपराकडे सरकल्या, आणि बांगड्यांच्या खालच्या जागी माझ्या ओठाला एक कड लागली. लांब, गुळगुळीत, भोवतीच्या कातडीहून वर आलेली. तो हात माझ्या ओळखीचा होता. ती कड तिथं कधी नव्हती.

मी डोळे उघडले. भाजल्याचा वण होता, जुना होत आलेला. तिनं हात मागे घेतला, मी सोडला नाही. हे कवाचं, म्हणून विचारलं.

“अकोल्याचं,” ती म्हणाली. “खोलीवर कुकर उतरवतानी लागलं. तुमाले सलाईन चालू होती.”

“मले सांगतलं नाई तू.”

“तुमी कुठं होते सांगाले?”

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. पापड किती झाले हे सांगावं तशा आवाजात म्हटलं होतं. मी तिच्याजवळच होतो, रोज तिच्या हातचं जेवत होतो, तिच्या खांद्याला धरून चालत होतो, आणि तरीही ती म्हणत होती ते खरं होतं. तेव्हा मला रडू आलं. रोग कळला तेव्हा आलं नव्हतं, बरा झालो तेव्हा आलं नव्हतं, फळी आवळली तेव्हा मी वाट पाहूनही आलं नव्हतं. आता आलं आणि थांबेना. पलीकडच्या गच्चीवरच्या बायका बघत असतील, सुनंदाच्या ते ध्यानात असेल, पण तिनं हात तसाच राहू दिला.

“आता नाई दुखत ते,” ती म्हणाली.

मला दुखत होतं. तसं मी तिला सांगितलं, आणि ओठ तिथून काढले नाहीत.